सायबर तपासणीत फोनही वाजू द्या : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

सरकारी खात्यांच्या सायबर तपासणीत सर्व्हर, फायरवॉल, पासवर्ड यांची कसून झडती होते. माणसांच्या वाट्याला येतो तो चाचणीसाठी पाठवलेला एक नकली फिशिंग (फसवून लिंकवर क्लिक करायला लावणारा) ईमेल आणि ‘इतक्या टक्के लोकांनी क्लिक केले’ हा आकडा. तो फार थोडे सांगतो. ईमेल ढोबळ लिहिला की टक्केवारी उतरते, बेमालूम लिहिला की चढते. खाते होते तसेच राहते. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने 2020 मध्ये ‘फिश स्केल’ मांडले ते याचसाठी. आमिष ओळखायला किती अवघड होते ते आधी पाहा, मग टक्केवारी वाचा.

नेम धरून येणारा हल्लेखोर आधी वाचन करतो. निविदा, बदल्यांचे आदेश, अधिकाऱ्यांची लिंक्डइनवरची माहिती. मग एखाद्याच्या टेबलावर त्याच्या रोजच्या कामासारखाच कागद येऊन पडतो. 2011 मध्ये आरएसए या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीत शिरकाव झाला, तो नोकरभरतीच्या आराखड्याच्या नावाने आलेल्या एक्सेल फाइलमधून. 2020 मध्ये ट्विटरच्या कर्मचाऱ्यांना थेट फोन करून फसवले गेले. आणि 2024 मध्ये उघडकीला आलेल्या प्रकरणात अरुप कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर वरिष्ठांना पाहून सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. ते चेहरे डीपफेक, म्हणजे संगणकाने बनवलेले हुबेहूब नकली, होते.

अशा वेळी कर्मचारी सावध होता का, हे विचारून काय हाती लागणार? एवढी रक्कम एकाच माणसाच्या खात्रीवर बाहेर कशी जाऊ शकते, हे विचारायला हवे. तपासणीने नेमके हेच धुंडाळावे. पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलण्याची विनंती आली, तर कोणी नोंदीतल्या जुन्या नंबरवर फोन करून खातरजमा करतो का? फक्त कर्मचारी क्रमांक आणि जन्मतारीख सांगणाऱ्याला हेल्पडेस्क पासवर्ड बदलून देतो का? साहेबांचा ‘आत्ताच करा’ असा निरोप आला, तर कनिष्ठ लिपिकाला ‘थांबा, विचारून सांगतो’ म्हणता येते का? शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर कोणतेही सॉफ्टवेअर देत नाही. त्यासाठी लोकांशी बसून बोलावे लागते, लेखी परवानगी घेऊन तसे फोन करून पाहावे लागतात.

नकली ईमेल किंवा फोनबद्दल पहिली तक्रार किती वेळात आली, हेही मोजावे. एकाने पाच मिनिटांत कळवले, तर बाकीच्यांना वाचवता येते.

मात्र क्लिक करणाऱ्यांची नावे अहवालात नकोत. नकली ईमेलवरून कारणे दाखवा नोटीस काढली, की उद्या खरोखर फसलेला माणूस तोंड उघडणार नाही, आणि ते गमावलेले तास फार महागात पडतात. बोनस, आजारपण अशी आमिषेही टाळावीत.

सर्वांत आधी वरिष्ठांची कार्यालये तपासावीत, कारण तातडीचे आदेश तिथूनच निघतात. पुढच्या तपासणीच्या आदेशात आपल्या स्वतःच्या कार्यालयाचे नाव पहिले असावे, आणि आपल्या नावाने खोटे फोन करून पाहण्याची लेखी परवानगी त्यातच द्यावी, ही विनंती.

आपला,
एक सुरक्षा परीक्षक