मदरबोर्डचा कन्व्हर्टर देताना अँपिअरही पाहावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात जकार्डची डिझाइन ज्या कॉम्प्युटरवर तयार होतात, त्यांची देखभाल मी करतो. गेल्या मे महिन्यात त्यांपैकी एकाचा एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) बंद पडला. नवा बसवताना प्रोसेसरला वीज देणारी त्याची ४ पिनची वायर मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचेना, म्हणून दुकानदाराने हार्डडिस्कच्या साटा कनेक्टरवरून वीज घेणारा ८ पिनचा कन्व्हर्टर (एका प्रकारच्या कनेक्टरला दुसऱ्या प्रकारचे टोक देणारी जोडवायर) दिला. तो नीट बसला आणि कॉम्प्युटर सुरूही झाला. मात्र चौथ्या दिवशी भर दुपारी जळका वास आला म्हणून कॅबिनेट उघडले, तर साटा कनेक्टरचे काळे प्लास्टिक वितळून पिनांना चिकटलेले होते. बिलावर फक्त ‘कनेक्टर, १ नग’ एवढीच नोंद आहे.

कन्व्हर्टर हलक्या प्रतीचा असेलही, पण हिशेब त्याआधीच चुकला होता. साटाच्या १५ पिनांपैकी १२ व्होल्टच्या ३ असतात आणि प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे एकूण साडेचार अँपिअर किंवा ५४ वॅट. आमचा प्रोसेसर ९५ वॅटचा असल्याने पूर्ण भारावर त्याला १२ व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर लागतात. त्याऐवजी मूळ ४ पिनच्या वायरलाच जाड तांब्याच्या तारांची एक्स्टेंशन जोडली असती तर काम भागले असते, कारण त्यात वीज मूळ मार्गानेच जाते, केवळ अंतर वाढते. (आता तसेच केले आहे.)

जुन्या एसएमपीएसच्या मदरबोर्डला जाणाऱ्या मुख्य कनेक्टरच्या २० पिनांच्या २४ करून देणाऱ्या कन्व्हर्टरबाबतही हाच घोळ आहे. पुढच्या ४ पिना त्यात मिळतात खऱ्या, पण त्यांची वीज आधीच्याच तारांना फाटा देऊन घेतलेली असते; जास्त वीज मागणाऱ्या बोर्डाला त्याचा उपयोग नाही. मॉड्युलर (केबली काढता-घालता येणाऱ्या) एसएमपीएसच्या सुट्या केबली तर एका कंपनीच्या दुसऱ्या कंपनीला कधीच लावू नयेत. एसएमपीएसकडील टोकाच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि टोक बसले तरी बोर्ड किंवा डिस्क जळू शकते.

एसएमपीएस घेतानाही खोक्यावरचा मोठा आकडा न पाहता लेबलवरील १२ व्होल्टचे अँपिअर पाहावेत. ‘४५० वॅट’ लिहिलेल्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला १४ अँपिअर असतील, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून हाती १६८ वॅटच येतात.

नवी पेठेतील आणि शहरातील इतर कॉम्प्युटर दुकानदारांना माझी विनंती आहे की कन्व्हर्टर देण्यापूर्वी त्यांनी प्रोसेसर किती वॅटचा आहे हे ग्राहकाला विचारावे आणि कन्व्हर्टर कोठून कोठे जोडणारा व किती अँपिअरचा आहे हे बिलावर लिहावे.

आपला,
एक वाचक, सोलापूर