दत्तूस पत्र : कपाटातल्या ओव्हनविषयी

पुणे, गुरुवार, रात्री

प्रिय दत्तू यास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीच्या पत्राचे उत्तर अजून माझ्याकडून गेलेले नाही आणि त्याबद्दल तू मनात काय म्हणत असशील ते मला इथे बसून ऐकू येते. फोन करता आला असता. पण फोनवर तू मधेच हसतोस, मग विषय कराडच्या होस्टेलकडे वळतो आणि सांगायचे ते राहूनच जाते. शिवाय जे घडले त्यात उभी हयात वीज बोर्डात काढलेल्या माणसाने लक्ष घालावे असे काही आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आईचा हात बरा आहे, माझी साखर आहे तिथेच आहे, नंदा मेलबर्नला मुलीपाशी आहे आणि नातवाने बाळसे धरले आहे.

आईच्या हाताचे तुला कळलेले नसणार. गेल्या वर्षी नंदाने स्वयंपाकघर नवे करून घेतले, ते तू पाहिलेले नाहीस. त्यात फ्रिजशेजारी जमिनीपासून छतापर्यंत एक उभे कपाट आहे, खाली दोन खोल ट्रॉल्या आणि त्यांच्या वर सनमायकाच्या रंगाशी जुळणारी चौकट लावून बसवलेला मायक्रोवेव्ह ओव्हन. दिसायला देखणा आहे, हे मान्य केले पाहिजे. पण ओव्हनचा तळ नंदाच्या छातीशी येतो आणि आईच्या हनुवटीशी. नंदाने तो स्वतःच्या उंचीने बसवून घेतला, कारण तेव्हा स्वयंपाकघर तिचेच होते. ती मेलबर्नला गेल्यापासून ते माझे आणि आईचे झाले आहे.

परवाच्या सोमवारी दुपारी आईने सुंठ घेण्यासाठी काचेच्या पेल्यात पाणी तापवायला ठेवले, मालिका बघत बसली, पाणी निवले, म्हणून तेच पाणी पुन्हा तापवले. दार उघडून पाहिले तर पाणी अगदी शांत, एक बुडबुडा नाही. पेला बाहेर काढून ठेवायला त्या उभ्या कपाटापाशी वीतभरही जागा नाही, म्हणून तिने तो आतल्या काचेच्या थाळीवरच राहू दिला आणि हात उंचावून चमचाभर सुंठ त्यात टाकली. त्यासरशी पेल्यातले निम्मे पाणी एकदम उसळून बाहेर आले. मनगट आणि बोटे भाजली. ती जरा पुढे वाकून आत बघत असती तर डोळ्यांवरच बेतले असते, आणि गेले चार दिवस मला झोप लागत नाही ती या एका विचाराने. शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन धावत आल्या होत्या. त्यांचा रोष पत्करून मी आईचा हात चांगला वीस मिनिटे नळाखाली धरला आणि मग दवाखान्यात नेले.

असे का होते ते तुला सांगायला नको, पण आईला समजावताना माझीच उजळणी झाली. गॅसवर भांड्याचा तळ पाण्याहून जास्त तापतो आणि तिथूनच बुडबुडे सुटत राहतात. ओव्हनमध्ये पाणी स्वतःच तापते, पेला गुळगुळीत असतो, बुडबुड्याला धरायला जागा मिळत नाही आणि पाणी न उकळता १०० अंशांच्या पुढे निघून जाते. त्यात एकदा तापवून निवलेले पाणी असेल तर त्यात विरघळलेली हवाही निघून गेलेली असते, म्हणजे धोका आणखी वाढतो. मग त्यात चमचा बुडवा, साखर घाला किंवा सुंठ, ते सगळे पाणी एका क्षणात उकळू लागते. उपाय म्हणशील तर फुटकळ आहेत: सुंठ आधी पाण्यात घालावी आणि मग तापवावे, पेल्यात लाकडी चमचा उभा ठेवावा, वेळ बेताची लावावी आणि दार उघडण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबावे. आईने हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे पाण्याला उकळायचं सुचत नाही, असंच ना?" तिच्या या व्याख्येत मला अजून चूक सापडलेली नाही.

गंमत अशी, की आई या यंत्राला भीत आली आहे ती पाण्यासाठी नव्हे, किरणांसाठी. बटण दाबले की ती दोन पावले मागे सरकून थेट बाहेरच्या खोलीत जाते, आणि आमच्या सोसायटीतले अर्धे ज्येष्ठ नागरिक याच मताचे आहेत. मी तिला दाराजवळ नेऊन काचेतली बारीक भोकांची धातूची जाळी दाखवली. उजेडाची लहर इतकी सूक्ष्म असते, की ती त्या भोकांतून सहज बाहेर येते आणि म्हणून आपल्याला आतले दूध दिसते. ओव्हनमधली २४५० मेगाहर्ट्झची लहर मात्र सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची, तिचा त्या भोकांत निभाव लागत नाही. दार उघडताच कडेचे खटके वीज तोडतात, आणि त्यातला एखादा चिकटून बसलाच तर देखरेखीसाठी ठेवलेला निराळा खटका मुद्दाम शॉर्ट घडवून फ्यूज उडवतो. अमेरिकेतल्या नियमात पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलीवॅट एवढीच गळती यंत्राच्या आयुष्यभर चालते, आणि तिथून हातभर मागे गेले की तीही नगण्य होते. दार वाकडे बसू लागले, बिजागरी सैल झाली किंवा जाळी फाटली तर मात्र यंत्र बंद करून ठेवावे, एवढी एकच भीती तिने बाळगावी असे मी सांगितले. तिला पटले की नाही ते कळत नाही, कारण ती अजूनही बाहेरच्या खोलीत जाते. मीही आता त्यावर वाद घालत नाही, कारण तापत असताना नाक काचेला लावून उभे राहण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

खरी गोष्ट पुढे आहे. भाजण्याच्या प्रकारानंतर ओव्हन नीट पुसावा म्हणून मी तो लावला, तर कपाटातून एक वास आला. दत्तू, तो वास तुझ्याशिवाय कोणालाही ओळखता आला नसता. होस्टेलवरच्या शेगडीच्या रात्री आपल्या खोलीच्या बोर्डातून आला होता तोच, तापलेल्या बॅकेलाइटचा, म्हणजे जुन्या बटणांच्या त्या कडक प्लास्टिकचा. फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार तू घातली होतीस, हे मी आजही म्हणतो. तू मी घातली म्हणशील, म्हण. दंड मी भरला होता आणि त्याची पावती माझ्या नावावर होती, इतके मात्र निर्विवाद आहे.

मेन बंद करून, चौकटीचे स्क्रू काढून आणि वरच्या मजल्यावरच्या मुलाला मदतीला घेऊन ओव्हन बाहेर ओढला, तेव्हा जे दिसले त्याने मी खालीच बसलो. ओव्हन भिंतीत बसवण्याचा नाहीच. ओट्यावर मोकळा ठेवायचा साधा ओव्हन कपाटात कोंबून वरून चौकट ठोकलेली आहे. भिंतीत बसवण्यासाठी बनवलेल्या ओव्हनची गरम हवा ठरलेल्या वाटेने बाहेर सोडलेली असते. साध्या ओव्हनला वर, मागे आणि बाजूंना मोकळी जागा लागते, किती ते त्याच्या पुस्तिकेत मापासह छापलेले आहे, आणि आमच्या कपाटात मागे दोन बोटेही जागा नव्हती. म्हणजे पंखा स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढत होता. मधेच ओव्हन बंद पडे आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होई, तेव्हा नंदा म्हणे वीज गेली असेल. वीज गेलेली नव्हती, आतला तापमानाचा खटका बिचारा आपले काम करत होता. मागच्या प्लायवूडचा रंग ओव्हनच्या आकाराएवढा तपकिरी झालेला आहे.

आता सॉकेटचे ऐक. ते बरोबर ओव्हनच्या पाठीमागे, म्हणजे आग लागली तर बटण बंद करायला हात पोहोचण्याचा प्रश्नच नाही. ओव्हनच्या पाठीवरच्या पट्टीवर कन्व्हेक्शनला, म्हणजे गरम हवेने भाजण्याला, २२०० वॅट लिहिलेले आहे, २३० व्होल्टला साडेनऊ अँपिअर झाले; आणि त्याचा पंधरा अँपिअरचा थ्री-पिन पाच अँपिअरच्या सॉकेटात बसत नाही, म्हणून त्या कलावंताने कन्व्हर्जन प्लग लावून तो बसवलेला. प्लग काढला तर एका पिनेच्या भोकाभोवतीचे पांढरे प्लास्टिक पिवळे पडून फुगलेले आणि पीन काळी. हे काम ज्याने केले त्याचे नाव तुला लिहीत नाही, कारण तू त्याला फोन करशील. ओव्हनचा पत्रा मी उघडलेला नाही, खात्री बाळग. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही हजार व्होल्ट धरून बसू शकतो, हे तूच एकदा भर पंगतीत, श्रीखंड वाढत असताना, सर्वांना समजावून सांगितले होतेस.

तेव्हा ओव्हन सध्या जेवणाच्या टेबलावर आहे, बंद, आणि घरात त्यावरून दोन पक्ष पडले आहेत. मुलगी म्हणते, आजीला त्याला हात लावू देऊ नका. नंदा म्हणते, चांगला वायरमन बोलावून सॉकेट बदला, कपाटाला मागून जाळी बसवा आणि ओव्हन जिथे होता तिथे ठेवा, माझे स्वयंपाकघर फोडू नका. मला दोन्ही पटत नाही. दुपारी तीनला स्वतःचे दूध किंवा सुंठेचे पाणी कोणाला न विचारता गरम करून घेणे, एवढे एकच काम आई आता स्वतःच्या मर्जीने करते. ते काढून घेतले तर ती माझ्या उठण्याची वाट बघत बसेल, आणि मी दुपारी किती वाजता उठतो ते तुला ठाऊक आहे. गॅसवर कर म्हणावे तर तिच्या हातून गॅस चालू राहिल्याचे प्रकार झालेले आहेत. ओव्हन निदान वेळ संपली की आपण होऊन थांबतो. विसरभोळ्या माणसाच्या हाती ज्वाळेपेक्षा टायमर बरा, असे माझे मत झाले आहे, फक्त तो तिच्या हनुवटीशी नको. गरम पेला खांद्याच्या वर उचलावा लागू नये आणि उचलल्याबरोबर टेकवायला शेजारी जागा असावी, या दोन अटी त्या देखण्या कपाटात कोणत्याही जाळीने पुऱ्या होणार नाहीत. म्हणून ओव्हन ओट्याच्या कोपऱ्यात, बनवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे मोकळा ठेवायचा आणि कपाटातल्या भोकात लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या, असे मी ठरवत आणले आहे. पडलेल्या दातासारखे दिसेल, असे नंदा म्हणेल, आणि ते खरेच आहे.

भांड्यांचा घोळ निराळाच. आपल्या घरात वाटी म्हणजे स्टीलची, डबा म्हणजे स्टीलचा. मायक्रोवेव्हवर स्टील चालत नाही, आणि तेच यंत्र कन्व्हेक्शनवर लावले की धातूचा साचा खुशाल चालतो. नंदाने केक भाजलेला आईने पाहिला आहे, तेव्हा "काल चाललं ते आज का नाही" या तिच्या प्रश्नात काही गैर नाही. मी शेवटी काचेची दोन भांडी तिच्यासाठी वेगळी काढली आणि लग्नातले सोनेरी काठाचे कप माळ्यावर टाकले, कारण त्या काठावरही ठिणग्या उडतात. मेलामाइनच्या बश्या आणि घट्ट झाकणाचे डबेही आतल्या कपाटात गेले. पापड मात्र ती भाजतेच, आणि जादा वेळ लागला तर तो पेट घेतो. तसे झाले तर दार उघडायचे नाही, हवा मिळाली की जाळ वाढतो. भिंतीवरचे बटण बंद करायचे आणि वाट बघायची. बटण भिंतीवर, हाताशी आणि उघड्यावर हवे, हा माझा हट्ट त्यासाठीच आहे.

तुझ्या गुडघ्याचे काय ठरले? प्रसादच्या लग्नाची तारीख कळव, आम्ही दोघे नक्की येऊ, आईचे त्या वेळी बघू. नाशिकच्या घराची गळती थांबली असेलच. वहिनींना नमस्कार सांग, आणि त्यांनी पाठवलेला चिवडा फार छान होता हे उशिरा का होईना कळव.

आता कामाचे. ओव्हनसाठी एम.सी.बी.पासून, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या मेनजवळच्या खटक्यापासून, स्वतंत्र लाइन ओढायची आहे, अर्थिंगसह. वायरमन म्हणतो अडीच चौरस मिलिमीटरची तार भरपूर झाली, दुकानदार म्हणतो चारचीच घ्या. अंतर साधारण चाळीस फूट आहे आणि त्याच लाइनवर दुसरे काही लावणार नाही. तू सांगशील ती घेईन, पण कारणासह लिही, कारण वायरमन वाद घालणारा आहे. बुधवारी तो आणि सुतार असे दोघेही येणार आहेत, म्हणून उत्तर त्याआधी हवे. हे पत्र व्हॉट्सॲपवरही पाठवतो आहे, तेव्हा टपालाचे निमित्त सांगू नकोस. सुताराचे मी नंदाला अजून सांगितलेले नाही. तिचा तुला फोन आला तर तारेविषयी हवे तेवढे बोल, कपाटाविषयी तुला काही ठाऊक नाही.

तुझा,
माधव