सुरूरजवळ थांबलेल्या त्या दोघांचे मनापासून आभार

गेल्या रविवारी खंबाटकी घाट उतरलो आणि गाडीत सडक्या अंड्यांसारखा वास भरला. रेस वाढली की हेडलाइट पांढरेफटक पडायचे. मागे आई बसलेली. बॉनेट उघडलं तर बॅटरीची कूस फुगलेली.

ट्रकवाले काका, तुम्ही ट्रक बाजूला घेऊन धावत आलात. "आधी इंजिन बंद करा, काडी ओढू नका, हा गॅस पेट घेतो," म्हणालात. ओळखीच्या वायरमनला फोन लावलात आणि तो येईपर्यंत हलला नाहीत. चहालाही थांबला नाहीत.

आणि वायरमनदादा, तुमच्या मीटरवर १६.४ व्होल्ट दिसले. हवे होते १४ च्या आसपास. मी बॅटरी चार्ज करणारा अख्खा डायनॅमो बदलायला तयार होतो. तुम्ही मात्र आधी अर्थिंग घासून पाहिलं, वायरी तपासल्या, मग डायनॅमो खोलून त्यातला व्होल्टेज आवरणारा भाग, जळका कटआउट, माझ्या तळहातावर ठेवलात. तेवढाच बदललात, नवी बॅटरी स्वतः जाऊन आणलीत. मीटर १४.२ वर स्थिर झाला, तेव्हा आईने हात जोडले.

गडबडीत तुमची नावं विचारायची राहिली. आई रात्री सुखरूप घरी पोचली. तुम्हा दोघांचे उपकार विसरणार नाही.