आमदारांचा पगार आमदारांनीच ठरवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमदारांच्या पगाराचा विषय निघाला की पारावरची चर्चा ‘एवढा कशाला?’ इथेच अडते. आकड्यापेक्षा तो ठरवायची रीत जास्त चुकीची आहे. 5 ऑगस्ट 2016 रोजी, पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, वेतनवाढीचं विधेयक चर्चेविना मंजूर झालं. आमदाराचं मूळ वेतन प्रधान सचिवाच्या मूळ वेतनाशी बांधलं गेलं आणि महिन्याची रक्कम 75 हजारांवरून 1 लाख 70 हजारांच्या घरात गेली. या बांधणीमुळे वेतन आयोग आला की आमदारांचं वेतन आपोआप वाढतं. सातव्या आयोगानंतर मूळ वेतन 1,82,200 झालं. पुढच्या आयोगालाही तेच होणार, आणि सभागृहात कुणाला हात वर करण्याची गरज पडणार नाही.

घटनेच्या अनुच्छेद 195 प्रमाणे हे वेतन विधिमंडळच कायद्याने ठरवतं. पण त्याच कायद्यात दुरुस्ती करून दोन गोष्टी घालता येतात. एक, निवृत्त न्यायमूर्ती, लेखापाल आणि ग्रामपंचायतीचा कारभार जाणणारा माणूस यांची समिती दर पाच वर्षांनी शिफारस करील. दोन, कोणतीही वाढ पुढच्या निवडणुकीनंतरच लागू होईल. अमेरिकेत ही दुसरी अट 1992 पासून घटनेतच आहे. ब्रिटनमध्ये 2011 पासून खासदारांचा पगार स्वतंत्र प्राधिकरण ठरवतं.

पेन्शनचा हिशेब तर मांडायलाच हवा. 2016 च्या दुरुस्तीने माजी आमदाराला दरमहा 50 हजार, आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षामागे 2 हजार जास्त. म्हणजे चार वेळा निवडून आलेल्याला 80 हजार. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या गुरुजींच्या पगारातून मात्र पेन्शनसाठी दरमहा 10 टक्के कापले जातात आणि सरकार 14 टक्के घालतं. हाच नियम आमदाराला लावून पाहा. नुसत्या मूळ वेतनावर धरलं तरी त्याचे 18,220 आणि सरकारचे 25,508, मिळून महिन्याला 43,728 रुपये. पाच वर्षांत व्याज सोडून 26 लाख 23 हजार. सध्याच्या 50 हजारांच्या दराने ही रक्कम साडेचार वर्षंही पुरत नाही. पुढचा सगळा भार तिजोरीवर. अशी अंशदायी, म्हणजे दोघांनी वाटा घालायची पेन्शन आमदारांनाही लागू करा, आणि तोवर किमान दरवर्षीची 2 हजारांची भर तरी थांबवा. पंजाबने 2022 मध्ये ‘एक आमदार, एक पेन्शन’ केलंच ना, कितीही वेळा निवडून आला तरी पेन्शन एकच! दोन हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावातल्या सरपंचाचं मानधन सप्टेंबर 2024 मध्ये दुप्पट झालं, ते सहा हजार. निराधार म्हातारीला महिन्याला दीड हजार.

तरी सरसकट कपातीची मागणी विदर्भाच्या अंगावर येईल. नागपूर शहरात सहा मतदारसंघ आहेत, आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी या एकाच मतदारसंघात अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड, मुलचेरा असे पाच तालुके. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. तिथल्या माणसाने दाखल्यासाठी, रस्त्यासाठी अहेरीला यायचं कसं? अशा आमदाराला दुसरं कार्यालय आणि दुसरा सहायक लागतोच. म्हणून कार्यालय आणि प्रवासाचा भत्ता मतदारसंघाचं क्षेत्रफळ, तालुक्यांची संख्या आणि मुख्यालयापासूनचं अंतर पाहून ठरवा. गाडीची नोंदवही ठेवा, दर तीन महिन्यांनी ती तपासा. सहायकाचा पगार थेट त्याच्या बँक खात्यात जावा, आणि त्याचं नाव व बसायची जागा तहसील कार्यालयाच्या फलकावर लागावी. तो कागदावर एकीकडे आणि प्रत्यक्षात भलतीकडे असेल तर लोकांना लगेच कळेल.

ही दुरुस्ती नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, पहिल्याच आठवड्यात मांडावी आणि तिच्यावर पूर्ण दिवस चर्चा व्हावी. मतदान नाव पुकारून घ्यावं.

आपला,
एक वाचक, अचलपूर (जि. अमरावती)