इंजिन जपायचे तर आतल्या यंत्रांसकट जपा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडने वर्षानुवर्षे सांभाळलेली टॅप चेंजरची (मोटरचे व्होल्टेज टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या यंत्राची) इंजिने, म्हणजे मालगाड्यांची डब्ल्यूएजी-५ आणि प्रवासी गाड्यांची डब्ल्यूएपी-४, आता एकेक करून मोडीत निघत आहेत. विजेच्या इंजिनाचे ठरलेले आयुष्य ३५ वर्षांचे. पहिल्या डब्ल्यूएजी-५ चे ते केव्हाच सरले. नवी थ्री-फेज इंजिने ब्रेक लावताना वीज तारेत परत पाठवतात, चाके फिरवणाऱ्या त्यांच्या ट्रॅक्शन मोटरला कार्बन ब्रशही लागत नाहीत. तेव्हा जुन्यांच्या निवृत्तीबद्दल तक्रार नाही. मागणी एकच : त्यांतले एक तरी इंजिन भुसावळमध्ये आतल्या यंत्रांसकट ठेवावे.

तांबे आणि मोटरी काढून, रंग देऊन चौथऱ्यावर ठेवलेला सांगाडा म्हणजे इंजिन नव्हे. या इंजिनांचा जीव टॅप चेंजरमध्ये, लोको पायलटच्या भाषेत 'जीआर'मध्ये आहे. मोटरला मिळणारे व्होल्टेज तो ३२ नॉचमध्ये, म्हणजे टप्प्यांत, चढवतो. त्याला फिरवणारी सर्व्हो मोटर हवेवर चालते, तिला दर चौरस सेंटिमीटरला २.५ ते ३.५ किलो दाब लागतो. दाब घसरला की जीआर दोन नॉचच्या मध्ये अडकतो आणि केवळ क्षणभर करंट झेलण्यासाठी बसवलेला रेझिस्टर तापून जळतो. अशा वेळी जीआर हाताने फिरवण्यासाठी हँडल असते. हे हँडल जागेवर राहिले तर वरती २५,००० व्होल्टची तार नसतानाही शाळकरी मुलांना एकेक नॉच चढताना दाखवता येईल.

मात्र उभे इंजिनही निगा मागते. भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. छतावरच्या इन्सुलेटरखालची रबरी गास्केट कडक होऊन चिरतात आणि पहिल्याच पावसात पाणी थेट यंत्रांवर गळते. म्हणून आधी वर शेड हवी. बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, नाहीतर गळणारे द्रव पेटीचा पत्रा खाते. कार्बन ब्रश कम्युटेटरवरून (मोटरच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवरून) उचलावेत, कारण ओलाव्याने त्यांच्याखाली तांब्यावर डाग बसतात. ब्रेकचे गुटके सैल करून चाकांना लाकडी पाचरी लावाव्यात आणि सहा महिन्यांतून एकदा इंजिन चार-पाच फूट सरकवावे, म्हणजे बेअरिंगवर एकाच जागी भार राहत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधली, म्हणजे आत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीतली, निळी सिलिका जेल गुलाबी झाली की ती बदलायची वेळ झाली, हे तर नुसत्या डोळ्यांना दिसते.

आर्नोची गोष्ट वेगळी. सिंगल फेजची थ्री फेज करून ब्लोअर-कॉम्प्रेसरला वीज देणारे हे फिरते यंत्र तारेच्या विजेशिवाय बोलत नाही. डीजे, म्हणजे इंजिनाचा मुख्य सर्किट ब्रेकर, लागला की तो गुरगुरत वेग घेतो. पाच सेकंदांत उठला नाही तर रिले डीजे पाडतो. बऱ्याच इंजिनांत त्याच्या जागी आता मुका स्टॅटिक कन्व्हर्टर आला आहे. पाचोरा-जामनेरची नॅरोगेज गाडी 'पीजे' २०२० मध्ये थांबली, तिचा आवाज आता ज्यांनी टिपला त्यांच्याकडेच आहे. म्हणून रेल्वेप्रेमींना विनंती : आर्नोचे इंजिन फलाटाला लागले की पिवळ्या पट्टीच्या मागे उभे राहून, सेल्फी स्टिक न उगारता, त्याचा आवाज आताच रेकॉर्ड करा, सोबत इंजिनाचा नंबर, तारीख आणि स्टेशन लिहून ठेवा.

— काही रेल्वेप्रेमी, भुसावळ-जळगाव