दरीच्या तळातून, खेचराच्या टपालाने

ग्रँड कॅन्यन, नदीकाठची छावणी
१२ नोव्हेंबर, रात्री साडेआठ

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, आधी तुला हवं ते सांगते. मी धडधाकट आहे, जेवले आहे, अंगात स्वेटर आहे. परवा फोनवर "कामासाठी दोन दिवस बाहेरगावी जातेय" म्हणाले, ते खरं नव्हतं. मी ग्रँड कॅन्यनच्या तळाशी उतरले आहे आणि उद्या पहाटे वर चढायला लागणार आहे. आधी सांगितलं असतं तर तुझ्या डोळ्याला डोळा लागला नसता, म्हणून लपवलं. त्याबद्दल जे काही ऐकवायचं असेल ते मी घरी आल्यावर समोर बसून ऐकून घेईन.

इथे मोबाइलला रेंज नाही, पण टपाल आहे. छावणीशेजारी फँटम रँच नावाची छोटी वस्ती आहे. मेरी कोल्टर नावाच्या वास्तुरचनाकार बाईंनी तिची आखणी केली आणि ती १९२२ मध्ये उभी राहिली. तिथल्या उपाहारगृहात एक कातडी पिशवी आहे. तिकीट लावलेलं पत्र तिच्यात टाकायचं, मग खेचरं ते वर नेतात. पाकिटावर 'दरीच्या तळातून खेचरावरून आलेलं' अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का उमटतो. बाबा, तेवढ्यासाठी पाकीट जपून ठेवा. मी त्याच उपाहारगृहातल्या बाकावर बसून लिहिते आहे.

बाबा, तुम्ही मला आठवीत हरिश्चंद्रगडावर नेलंत, कोकणकड्याच्या टोकाशी पालथं झोपून खाली बघायला लावलंत. त्या दिवसापासून दरी म्हटलं की मला तोच कडा आठवतो. काल संध्याकाळी इथल्या दक्षिण काठावर उभी राहिले तेव्हाही मन तीच तुलना करायला लागलं, आणि तुलना जमेना. कोकणकड्याखाली कोकण दिसतं, शेतं दिसतात, एखादा धूर दिसतो. इथे समोरचा काठ काही ठिकाणी २९ किलोमीटर दूर आहे, मध्ये डोंगरांच्या रांगा उभ्या आहेत, आणि ते सगळे डोंगर आपल्या पायांच्या खाली. दरीची लांबी ४४६ किलोमीटर. नदी तर वरून बहुतेक ठिकाणी दिसतच नाही.

आज सकाळी उजाडता उजाडता साउथ कायबॅबच्या वाटेने उतरायला लागले. वर पाणी गोठलेलं होतं. साडेअकरा किलोमीटरच्या आतबाहेरची वाट, आणि तेवढ्यात जवळजवळ १,४५० मीटर उतार. या वाटेवर पाण्याचा थेंब नाही आणि सावलीही नावालाच, म्हणून चार लिटर पाणी पाठीवर. पायऱ्यांना आडवे ओंडके लावलेत, खेचरांच्या खुरांनी त्यांच्यामधली माती खरवडून गेली आहे, त्यामुळे प्रत्येक पायरी गुडघाभर खोल. तुमच्या गुडघ्यांची शंभरदा आठवण झाली.

खरी गोष्ट मात्र वेगळीच आहे. आपला गड सकाळी ताज्या पायांनी चढायचा असतो आणि दमल्यावर उतार हाताशी असतो. इथे सगळं उलटं. उतरताना हवा गार, पाय हलके, माणूस आणखी थोडं, आणखी थोडं करत जातो. चढ सुरू होतो तेव्हा दुपार झालेली असते आणि तळाशी काठापेक्षा दहा-बारा अंशांनी जास्त ऊन असतं. उन्हाळ्यात खाली पारा ४० च्या वर असतो. नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत येण्याचा प्रयत्न करू नका, सकाळी दहा ते दुपारी चार चालू नका, असं उद्यानाचे लोक जागोजागी लिहून ठेवतात. तरी दरवर्षी शेकडो माणसांना सोडवून आणावं लागतं.

आता दुसरी लपवलेली गोष्ट. मे महिन्यात मी आणि एक मैत्रीण ब्राइट एंजलच्या वाटेने अर्ध्यापर्यंत, हवासुपाई गार्डन्सपर्यंत आलो होतो. निघायलाच नऊ वाजवले. चूक तिथेच झाली. परतीच्या चढावर तिचं डोकं दुखायला लागलं, मग उलट्या, मग ती असंबद्ध बोलायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून मी तिला आणखी पाणी पाजत राहिले. वाटेतल्या निवाऱ्यापाशी एका वनरक्षक बाईंनी ते थांबवलं. मैत्रिणीने सकाळपासून लिटरच्या लिटर पाणी प्यायलं होतं आणि खाल्लं काहीच नव्हतं. घामावाटे मीठ जातं, वरून नुसतं पाणी ओतलं की रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. त्यांनी तिला खारी बिस्किटं दिली, सावलीत निजवलं, ऊन उतरेपर्यंत हलू दिलं नाही. आम्ही रात्री अंधारात वर पोचलो. त्या रात्री मला तुमचा नियम आठवला, बाबा: "निम्मं पाणी आणि निम्म्याहून जास्त जीव परतीसाठी." तो मला पाठ होता आणि मी पाळला नव्हता.

म्हणून या वेळी नोव्हेंबर निवडला, तळाशी मुक्काम धरला, आणि आई, तुझं लिंबाचं लोणचं आणलं. खारे शेंगदाणे, भडंग, मेतकूट-भाताचं साहित्य. दर तासाला बसायचं आणि भूक नसली तरी खायचं. लोणच्याची फोड तोंडात टाकली की पुढच्या वळणापर्यंत पाय आपोआप चालतात.

बाबा, तुमच्यासाठी दगडांबद्दल लिहायचं होतं. तुम्ही वर्गात सह्याद्रीचे लाव्ह्याचे थर फळ्यावर काढायचात, साधारण साडेसहा कोटी वर्षं म्हणायचात. इथे काठावरचा, म्हणजे सगळ्यांत नवा चुनखडक २७ कोटी वर्षांचा आहे. त्याच्या खाली फिकट वाळूखडक, त्यात वाळवंटातल्या टेकड्यांच्या तिरप्या रेघा जशाच्या तशा थिजलेल्या. मग लाल कडा. तो आतून राखाडी आहे, वरच्या थरांतलं लोह ओघळून लाल झालाय. कठीण खडक तिथे कडा, मऊ खडक तिथे उतार, आपल्याकडच्या कडे-माचीसारखं. आणि तळाशी नदीकाठी काळा, चमकदार, उभ्या पट्ट्यांचा खडक, त्यात गुलाबी शिरा. वय १७० कोटी वर्षांहून जास्त. त्याचं नाव काय आहे सांगू? विष्णू शिस्ट. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने १८८० च्या सुमारास इथल्या शिखरांना विष्णूचं मंदिर, शिवाचं मंदिर अशी नावं दिली, तीच पुढे चालली. राम आणि कृष्णाच्या नावाचीही शिखरं आहेत. मी त्या खडकावर तळवा टेकून बराच वेळ उभी राहिले. या सगळ्यात दरीच लहान आहे, नदीने ती बहुतेक गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत कोरली.

आणखी एक: ब्राइट एंजलच्या वाटेवर विष्णू शिस्टच्या डोक्यावर थेट सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा वाळूखडक बसलाय. मधली शंभर कोटींहून जास्त वर्षं झिजून गेली, त्यांचा मागमूस नाही. एक बोट ठेवलं की दोन्हींना लागेल. उद्या चढताना ती रेघ शोधणार आहे.

प्राणीही भेटले. पहिल्या वळणांवरच डोक्यावरून कॅलिफोर्निया काँडर गेला, इथलं महाकाय गिधाड, पंख पसरले की जवळजवळ तीन मीटर. पंखावर क्रमांकाची पट्टी होती. १९८२ मध्ये जगात २२ उरले होते. पिंजऱ्यात पैदास करून १९९६ पासून या भागात सोडले, आता एकूण पाचशेच्या वर गेलेत. मेलेल्या जनावरात राहिलेलं बंदुकीच्या गोळीचं शिसं पोटात जाऊन अजूनही मरतात. तुमच्या लहानपणी मेलेल्या बैलावर गिधाडांचा थवा उतरायचा, असं तुम्ही सांगायचात, आणि मी ती कधीच पाहिली नाहीत. आपल्याकडे गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक, इथे शिसं. दोन्हीकडे विष मढ्यातूनच आलं. तो पक्षी दिसेनासा होईपर्यंत मी मान खाली केली नाही.

वाटेत जाड वळलेल्या शिंगांचे दोन रानमेंढे कड्यावर उभे होते, पाय कुठे टेकलेत तेच कळेना. फड्या निवडुंग आहे, घायपातही आहे, आपल्या बांधावरच्या घायपाताचाच भाऊबंद. तोही वर्षानुवर्षं वाट पाहून एकदाच उंच दांडा काढतो, फुलतो आणि वाळतो. तळाशी वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस. आपल्या घाटघरला जोराच्या दिवशी एका दिवसात तेवढा पडतो. छावणीत खाण्याचं सामान लोखंडी पेटीत बंद ठेवावं लागतं, कारण रात्री रिंगटेल येतो: मांजराएवढा, उदमांजरासारखा चपळ, शेपटीवर काळे-पांढरे पट्टे.

नदीवरचा झुलता पूल १९२८ चा. त्याचे जवळजवळ टनभर वजनाचे लोखंडी दोर इथल्या मूळच्या हवासुपाई लोकांनी, बेचाळीस जणांनी रांगेत खांद्यावर घेऊन, याच दरीतून उतरवले. आणि त्याच वर्षी त्यांच्यापैकी शेवटच्या माणसाला उद्यानाने वाटेवरच्या त्यांच्याच मळ्यातून उठवलं. ते ठिकाण नंतर कित्येक वर्षं 'इंडियन गार्डन' म्हणून ओळखलं गेलं, २०२२ मध्ये नाव बदलून 'हवासुपाई गार्डन्स' झालं. त्या पुलावरून चालताना हे माहीत असलेलं बरं, असं मला वाटतं.

आता माझं मागणं. बाबा, तुम्ही म्हणाल गुडघ्यांमुळे आता काही नको. पण वर काठाकाठाने एक सपाट, डांबरी रस्ता आहे, त्यावर एका मीटरला दहा लाख वर्षं धरून खुणा केल्यात आणि त्या त्या काळाचे खरे दगड मांडलेत. दोन किलोमीटरांत विष्णू शिस्टच्याही मागे जाता येतं. जागोजागी टेकायला जागा आहे. तुम्ही चाला आणि मला शिकवा. आई, तू त्या खडकांसमोर हात जोडशील हे मला आत्ताच दिसतंय. पुढच्या ऑक्टोबरमध्ये या. तिकिटं मी काढते, नाही म्हणू नका.

उद्या साडेचारला निघेन. पंधरा किलोमीटर चढ, पाणी मध्ये मिळतं. खेचरं आली की डोंगराच्या बाजूला सरकून गप्प उभं राहायचं, हेही लक्षात आहे. हे पत्र तुम्हाला मिळेल तोवर मी वर पोचून फोन केलेला असेल. लोणच्याच्या तीन फोडी उरल्यात, त्या चढासाठी ठेवल्या आहेत.

तुमची,
राणी