आजीच्या कबरीबद्दल

प्रिय बाळा,

आजीच्या कबरीची मुदत संपत आल्याचं चर्चच्या ऑफिसमधून कळवलंय, एवढंच मी परवा फोनवर बोलले आणि तू म्हणालास, "म्हणजे आजीला पुन्हा बाहेर काढणार?" मग तू बराच वेळ गप्प होतास. असलं बोलणं फोनवर होत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी व्यवहाराचं सांगते. मुंबई-ठाण्याकडे आपल्या कॅथलिक दफनभूमींना जागा पुरत नाही. ज्यांची स्वतःची कायमची कबर नाही, त्यांची कबर काही वर्षांनी उघडतात, हाडं गोळा करून भिंतीतल्या निशमध्ये, म्हणजे कोनाड्यात, ठेवतात, वर नावाचा दगड बसवतात. आजोबांचंही तसंच केलं होतं, तू तेव्हा लहान होतास. आजी स्वतः तिथे उभी राहून रोझरीची प्रार्थना म्हणत होती. घरी आल्यावर मी तिला विचारलं, तुला कसंतरी नाही का झालं? ती म्हणाली, "ज्याने पहिल्यांदा मातीतून घडवलं, त्याला पुन्हा घडवता येत नाही काय?" तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण यापेक्षा नेमकं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, क्रीड म्हणजे श्रद्धेची कबुली म्हणताना आपण मृतांच्या पुनरुत्थानावर विश्वास असल्याचं सांगतो. पुष्कळ ख्रिस्ती माणसांनाही वाटतं की आपली श्रद्धा म्हणजे आत्मा उडून स्वर्गात गेला, संपलं. तसं नाही रे. आत्मा देवाजवळ जातो, पण तो अर्धाच पल्ला झाला. शेवटच्या दिवशी प्रभू सगळ्या माणसाला उठवणार, शरीरासकट. कोणत्या शरीरासकट, हा प्रश्न करिंथ शहरातल्या पहिल्या ख्रिस्ती लोकांनीही विचारला होता. संत पौलाने त्यांना गव्हाच्या दाण्याची गोष्ट सांगितली: तुम्ही पेरता तो नुसता दाणा, उगवतं ते वेगळंच, पण ते त्या दाण्याचंच असतं. पुनरुत्थित येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. त्याने तळ्याकाठी निखाऱ्यावर मासे भाजून शिष्यांना बोलावलं. मग्दालिया मरियेने त्याला आधी माळी समजलं आणि त्याने नावाने हाक मारल्यावर ओळखलं. मी या जागा पुन्हा पुन्हा वाचते, कारण माझी आई मला परत भेटणार ती आईच असणार आणि मला नावाने हाक मारणार, हे मला तिथे मिळतं.

हाडं कुठे आहेत यावर ते अवलंबून नाही. आपल्या ठाण्याचंच बघ. १३२१ साली इथे फ्रान्सिस्कन संघाचे चार जण श्रद्धेसाठी हुतात्मे झाले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. त्यांचा सोबती जॉर्डन याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. पुढे त्यांच्याच संघाचा पोर्देनोनेचा ओडोरिक इथे आला, त्याने त्यांची हाडं काढून घेतली आणि समुद्रमार्गे पार चीनला नेऊन तिथल्या फ्रान्सिस्कन मठात ठेवली. ठाण्यात मेलेली माणसं चीनमध्ये विसावली म्हणून ती पुनरुत्थानाला मुकतील, असं कुणाच्या मनातही आलं नाही. बुडालेले, जळालेले, ज्यांची कबरच नाही असे सगळे त्याच यादीत आहेत. १९६३ पासून चर्चने दहनालाही परवानगी दिली आहे. राख मात्र उधळायची नाही, घरी वाटून घ्यायची नाही, पवित्र जागी ठेवायची, असं २०१६ साली पुन्हा स्पष्ट केलं. शरीर ही फेकून द्यायची वस्तू नव्हे, एवढंच त्यामागे आहे. निशमध्ये ठेवतानाही तोच आदर असतो.

तू असंही विचारलंस, की आजी इतकी देवभोळी होती तर तिच्यासाठी दर महिन्याला मिस्सा कशाला? तुझ्या ऑफिसातला तो प्रोटेस्टंट मित्र बहुतेक यावरून तुझ्याशी बोलला असणार. त्यांचं म्हणणं असं की मरणानंतर आपल्या प्रार्थनेने काही बदलत नाही, ख्रिस्ताने एकदाच सगळं केलं. त्यांच्या बायबलमध्ये मक्काबींची पुस्तकं नाहीत. आपल्या बायबलमध्ये आहेत, आणि त्यांतल्या दुसऱ्या पुस्तकात यहूदा मक्काबी हा ज्यू सेनापती लढाईत पडलेल्यांच्या पापांसाठी अर्पण पाठवतो. पण त्या मित्राशी भांडू नकोस. पुनरुत्थानाबद्दल तो आणि तू एकाच बाजूचे आहात.

पर्गेटरी, म्हणजे मरणानंतर आत्मा शुद्ध होण्याची अवस्था, हा छोटा नरक नव्हे, आणि दुसरी संधीही नव्हे. तिथे आहे तो देवाचाच आहे, फक्त त्याच्यासमोर उभं राहण्याइतका अजून स्वच्छ व्हायचा आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या त्यांच्या पत्रात आजच्या काही ईशज्ञानींचं मत दिलंय, की जाळणारा आणि तारणारा तो अग्नी म्हणजे स्वतः ख्रिस्तच. मला ते पटतं. आजी भली होती, पण तिने सख्ख्या बहिणीशी कित्येक वर्षं अबोला धरला होता हे तुलाही माहीत आहे. प्रभूच्या नजरेला नजर देताना तिला ते खुपलं असेल. त्या वेळी आपण तिच्या पाठीशी असावं, म्हणून मिस्सा.

आणि शेजारचे काका. त्यांच्या तेराव्याला आपण सगळे जेवलो, आणि रात्री तू हळूच विचारलंस की ते नरकात जाणार का. त्यांच्या घरचे पुनर्जन्म मानतात, आपण मानत नाही. माणूस एकदाच मरतो आणि मग न्याय, असं इब्री लोकांच्या पत्रात आहे. पण न्याय करणारे आपण नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६४ साली सांगितलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा विचारतो ते भुकेल्याला जेवू घातलंस का, आजाऱ्याला भेटलास का. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा काका रोज सकाळी तिच्यासाठी पेज घेऊन यायचे. मी त्यांच्यासाठीही मिस्सेत प्रार्थना करते. नरक नाही असं मी म्हणणार नाही, देवाला नकार देण्याची मोकळीक माणसाला खरीच आहे. पण अमुक माणूस तिथे आहे असं चर्चने आजवर कुणाचंही नाव घेऊन सांगितलेलं नाही.

रडू आलं तर रड. मेलेल्या मित्राला, लाजरला, आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीपाशी रडलाच होता.

फादरांना मला या महिनाअखेर कळवायचंय. आजोबांच्या निशमध्येच आजीलाही ठेवता येईल असं ते म्हणाले, म्हणजे दगडावर फक्त एक नाव वाढवायचं. मामाची संमती आहे. तुझीही हवी. त्या दिवशी तू इथे असावास असं मला वाटतं, म्हणून शक्यतो शनिवार मागून घेते. सुट्टी मिळेल का ते बघ आणि रविवारी मिस्सेनंतर फोन कर.

तुझी,
आई